आबांची ‘जनता’ आधी उघडू नकोस

प्रश्न: नमस्कार काका. माझे आबा अजनीच्या लोको शेडमध्ये नोकरीला होते. त्यांची एचएमटी जनता आईने इतकी वर्षं कपाटात जपली, ती आता माझ्याकडे आली. चावी पुढे फिरत नाही आणि घड्याळही चालत नाही. घरचे म्हणतात, ‘चावी जास्त झाली.’ मला जुनी घड्याळं जमवायची आहेत आणि स्वतः दुरुस्तही करायची आहेत. व्हिडिओ पाहून सुरुवात हिच्यापासूनच करू का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर: नको बेटा. शिकायचं ठरवलंस याचा फार आनंद झाला, पण आबांची जनता सध्या रुमालात गुंडाळून डब्यात ठेव. हलवून, ठोकून चालवायचा प्रयत्नही करू नको. सुकलेल्या तेलावर घड्याळ चाललं तर चाकांच्या बारीक टोकांची झीज होते.

चावी जास्त होऊन घड्याळ बंद पडत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या दुकानात बसून मला चाळीस वर्षं झाली, तरी हे वाक्य आठवड्यातून एकदा ऐकतो. चावी पूर्ण भरलेली आहे आणि तरी मशीन थांबलं आहे, याचा अर्थ जोर आहे, पण तो बॅलन्सपर्यंत, म्हणजे इकडून तिकडे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकापर्यंत, पोचत नाही. बहुतेक वेळा कारण एकच, तेल सुकून त्याचा तपकिरी चिकटा झालेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वरून धूळ. मग त्याच खोलीत कूलर लागतो, आणि ती ओल चावीच्या दांडीजवळून आत शिरते. नागपुरातलं जुनं घड्याळ उघडलं की गंज मला पहिल्यांदा तिथेच दिसतो.

जनता शिकायला उत्तम आहे, हे मात्र खरं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला, त्याच घराण्यातलं हे १७ ज्वेलचं (झीज टाळायला बसवलेले छोटे माणिक-खडे), हाताने चावी द्यायचं मशीन. सरळ रचना, मजबूत भाग, सेकंदाला पाच ठोके. कंपनीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला, तरी ही घड्याळं इतकी खपली आहेत की बंद मशीन सहज मिळतं. महालात, इतवारीत, बर्डीवर जे जुने घड्याळजी उरले आहेत, त्यांच्या खणात अशी मशीनं पडून असतात. एखादं मागून घे. काच फुटलेलं, डायल गेलेलं चालेल, फक्त बॅलन्स शाबूत असलेलं घे. तुझी शाळा त्या मशीनवर.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. मी सतरा वर्षांचा असताना वडील जेवायला घरी गेले होते. एका गिऱ्हाइकाचं स्विस घड्याळ मी उघडलं. चावी न उतरवताच, म्हणजे स्प्रिंगमधला ताण न सोडताच, पॅलेटचा (चाकांना एकेक दात पुढे सोडणाऱ्या छोट्या भागाचा) पूल, म्हणजे तो धरून ठेवणारी पट्टी, सोडवला. ‘र्रर्र’ असा आवाज आला, सगळी चाकं एकदम भिरभिरली आणि एका चाकाचं टोक मोडलं. वडिलांनी दुसरं चाक मिळवायला तीन आठवडे घातले, गिऱ्हाइकाकडून एक पैसा घेतला नाही. मला रागावले नाहीत. संध्याकाळी एक बंद मशीन पुढे ठेवलं आणि फक्त चावी भरायला आणि उतरवायला लावली. दिवसभर, कितीतरी दिवस.

तेच तू कर. चावी दोन बोटांत धरायची, भरायच्या दिशेला किंचित दाब द्यायचा, म्हणजे खटक्यावरचा (स्प्रिंगला उलटं फिरू न देणाऱ्या छोट्या अडसरावरचा) ताण सुटतो. दुसऱ्या हाताने टोकदार लाकडी काडीने खटका बाजूला सरकवायचा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी फिरू द्यायची. सोडून द्यायची नाही. स्प्रिंग रिकामी झाल्याचं बोटांना कळतं. ते कळेपर्यंत पुढचा एकही स्क्रू काढायचा नाही.

त्यानंतर बॅलन्स. पूल उचलला की चाक हेअर स्प्रिंगला, म्हणजे केसासारख्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगला, लोंबकळत वर येतं. पहिल्यांदा पाहताना छातीत धस्स होतं. चिमटा पुलाला लावायचा, स्प्रिंगला कधीच नाही. काढ, परत बसव, पुन्हा काढ. वीस वेळा केल्यावर एकदा असं होईल की पूल जागेवर बसताच चाक आपोआप झुलायला लागेल. मला आजही त्या क्षणी हातातलं काम थांबवून दोन मिनिटं पाहत बसावंसं वाटतं.

हत्यारं थोडी पण चांगली घे. १ ते १.६ मिलिमीटरचे तीन-चार स्क्रूड्रायव्हर, टोकं नीट जुळणारा एक चिमटा, डोळ्याला लावायचं भिंग, हवा मारायचा रबरी फुगा. स्वस्त चिमट्याची टोकं एकमेकांवरून सरकतात आणि स्क्रू उडून जातो. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढ. काम करताना पंखा आणि कूलर बंद. उन्हाळ्यात हे जमायचं नाही असं वाटेल, म्हणून पहाटे साडेपाचला बस. घर चूप असतं, हवा गार असते, हातही स्थिर असतो. अलार्मच्या टेबलक्लॉकपासून मात्र सुरुवात करू नको. मशीन मोठं म्हणून सोपं वाटतं, पण त्याची स्प्रिंग सुटली तर बोट फाडते.

ते बंद मशीन तू तीनदा खोलून, धुऊन, तेल घालून चालवलंस की जनता घेऊन दुकानात ये. आपण दोघं मिळून उघडू.

प्रश्न: काका, मी ऑनलाइन ‘जुनी एचएमटी पायलट’ घेतली. केशरी डायल, अगदी नव्यासारखी चमक. मित्र म्हणतात फसलास. खरं काय?
— एक विद्यार्थी, कामठी

उत्तर: डायल पुन्हा रंगवलेली आहे. जुनी पायलट आपण ओळखतो ती काळ्या डायलची, पांढऱ्या आकड्यांची. आत मशीन एचएमटीचं असेलही, पण चेहरा तिचा नाही. भिंगाखाली अक्षरं पाहा. छपाई जाडसर असेल, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नसतील, ‘पॅराशॉक’ हा शब्द वाकडा असेल. फोटोतच डायल चकचकीत आणि घड्याळाच्या कवचाचे कान (पट्टा अडकवायची टोकं) झिजलेले दिसले, तर तिथेच थांबायचं.

पैसे गेले म्हणून घड्याळ फेकू नको. चालत असेल तर वापर. पुढचं घेताना मात्र डागाळलेली, पिवळसर पडलेली मूळ डायल निवड. माझ्या संग्रहात एक जनता आहे, तिच्या सहाच्या आकड्यापाशी पाण्याचा डाग आहे. ती मी कधीही रंगवणार नाही.

एक गोष्ट जिवाशी आहे म्हणून सांगतो. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक स्विस घड्याळांत आकड्यांना आणि काट्यांना रेडियम लावलेलं असे. आता ते अंधारात चमकत नाही म्हणून संपलं असं नाही. चमकणारं द्रव्य मरतं, रेडियम राहतं, त्याला अर्धं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. काट्यांवर तपकिरी, भुसभुशीत थर दिसला तर तो खरवडू नको, फुंकू नको. ती पूड श्वासात जाणं सगळ्यात वाईट. असं घड्याळ उघडायचंच नाही.

प्रश्न: माझं चावीचं घड्याळ गेल्या आठवड्यापासून रोज वीस मिनिटं पुढे जातं. आधी बरोबर चालत होतं. रिपेअरिंगला किती खर्च येईल?
— निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

उत्तर: ताई, कदाचित काहीच येणार नाही. एकाएकी इतकं पुढे जाऊ लागलं तर आधी लोहचुंबकाचा संशय घ्यावा. हेअर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स भरभर झुलतो. तुम्ही रात्री घड्याळ स्पीकरवर किंवा मोबाइलच्या चुंबकाच्या कव्हरवर ठेवता का, ते आठवून पाहा. होकायंत्र घड्याळाजवळ न्या. सुई हलली तर कोणताही घड्याळजी चुंबक काढायच्या यंत्रावर मिनिटाभरात ते उतरवून देईल, झाकणही उघडावं लागत नाही. सुई हलली नाही तर वेढ्यांना तेल लागलं असेल, मग मशीन धुवावं लागेल. दोन्ही बाबतींत वेग कमी करायचा काटा कोणालाही सरकवू देऊ नका. मूळ दोष तसाच राहील आणि पुढे घड्याळ मागे पडू लागेल.