दुसरा ट्रॅक्टर बोलवण्याआधी फावडं आणा

दादा, अवकाळीनंतर कांदा भरताना तुमची पिकअप मागच्या चाकांनी हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मध्यापर्यंत, रुतली, ट्रॅक्टरने ओढताना साखळी तुटली आणि आता गाववाले म्हणतायत, दोन ट्रॅक्टर एकदम लावू. लावू नका. तुटलेली साखळी कोणाला लागली नाही, हेच नशीब.

आधी माल उतरवा. भरलेल्या गोण्या पुन्हा उतरवायच्या म्हटल्यावर मजूर कुरकुरणार, मान्य. पण चाक हबपर्यंत गेलं की ढोबळमानाने गाडीच्या मालासकट वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत गेलं की दुप्पट. रिकामी गाडी पावणेदोन टनांच्या आसपास, भरलेली तीन टनांच्या घरात. निम्मं काम गोण्या उतरवण्यातच होतं.

मग फावडं. आपली काळी माती ओली झाली की फुगते, टायरच्या खाचा भरते, आणि टायर गुळगुळीत होऊन जागेवर फिरतो. तुम्ही रेस दिली तेवढं चाक खाली गेलं. आता मागच्या दोन चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा जमिनीवर टेकला असेल, वाकून बघा. टेकला असेल तर ती माती काढल्याशिवाय कितीही ओढा, गाडी नांगरासारखी जमीन उकरत येईल. ज्या चाकोरीने आत आलात तिनेच मागे काढायची, म्हणून चाकांच्या मागे उतार काढा, साचलेल्या पाण्याला चर द्या आणि तुराट्या, पऱ्हाट्या, जुनी पोती जे असेल ते दाबून भरा. जॅक लावायचा तर खाली जाड फळी हवी, आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली कोणी शिरायचं नाही.

इतकं केल्यावर बऱ्याचदा ट्रॅक्टर लागतच नाही. मागच्या टायरची हवा निम्म्यावर आणा, रिव्हर्समध्ये हळू क्लच सोडा. एकच चाक फिरत असेल तर हँडब्रेक एक-दोन दात ओढून बघा, दुसऱ्या चाकालाही थोडा जोर मिळतो. चाकाखाली फळी घातली असेल तर चाकाच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, ती गोळीसारखी सुटते.

ट्रॅक्टर लावलाच तर दोर खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या दांड्यालाच. टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडणीच्या) जागी किंवा सीटखाली उंच कुठेही बांधला की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरवर उलटा येतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. गाडीच्या बाजूला चेसिसला, म्हणजे खालच्या मुख्य सांगाड्याला, बांधा. बंपर, पाटे, स्टिअरिंगचे रॉड यांना हात लावू नका.

साखळी आणि वायर रोप ताणत नाहीत, म्हणून त्यांना झटका कधीच द्यायचा नाही. दोर आधी ताठ करायचा, मग लो गिअरमध्ये एकसारखा ओढायचा. वेग दुप्पट केला तर झटक्यातली ऊर्जा चौपट होते. झटका सोसतो तो फक्त त्याच कामाचा नायलॉनचा ताणणारा पट्टा. बाजारातला साधा टोइंग पट्टा तो नव्हे. दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाका, तुटला तर उसळी कमी होते. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब पाठवा आणि इशारा एकाच माणसाने द्यायचा. आमच्याकडे एकदा पाच जण एकदम ‘हाण’ आणि ‘थांब’ ओरडत होते. साखळीने मागची काच फोडली, तेव्हा सगळे गप्प झाले.

आणि एवढी घाई नसेल, आभाळ मोकळं असेल, तर गोण्या उतरवून वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती पुरेशी सुकेपर्यंत, थांबायलाही हरकत नाही. माझं मत विचाराल तर मी हेच करेन.

गाडी निघाल्यावर लगेच हायवेला लागू नका. हवा पूर्ववत भरा, रिमच्या आतला चिखल पाण्याच्या फवाऱ्याने काढा, नाहीतर चाक थरथरतं आणि तुम्ही उगाच अलाइनमेंटला पैसे घालता. ब्रेक दोन-चारदा दाबून बघा. गोळा पाण्यात बुडाला असेल तर डिफरन्शियलचं ऑइल तपासा. दुधाळ दिसलं की बदला.