दिवसभर कंपनीत उभे राहणे हा व्यायाम धरावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: कुपवाडच्या एमआयडीसीत आठवड्याचे सहा दिवस बारा-बारा तासांची ड्युटी, त्यातला बहुतेक वेळ उभ्याने आणि चालण्यात जातो, मग घरी आल्यावर वेगळा व्यायाम कशाला, आणि त्याने मनाचा शीण उतरतो का? सांगलीत बरीच वर्षे मानसशास्त्र शिकवले आणि या विषयावरचे संशोधन वाचत आलो, त्या आधारावर लिहितो.

कामावरची हालचाल व्यायामात धरता येत नाही. डेन्मार्कमधील संशोधक आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी यांनी कामावरची हालचाल फायद्याची का ठरत नाही, हे कोडे अनेक वर्षे अभ्यासले आहे. त्यांचा सहभाग असलेल्या २०१८ मधील एका मोठ्या आढाव्यात, जड अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांमध्ये, कमी हालचालीचे काम करणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत, अकाली मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी अधिक आढळला. फावल्या वेळेतील हालचाल मात्र हितकारकच ठरते. त्यांच्या मते कामावर नाडीचा वेग आणि रक्तदाब तासन् तास चढलेला राहतो, आणि विसावा केव्हा घ्यायचा हे आपल्या हातात नसते. आपल्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाला पहिल्या पोत्यानंतर बसावेसे वाटले तरी ट्रक रिकामा होईपर्यंत बसता येत नाही. गरिबी आणि व्यसने यांचा परिणाम अशा आकड्यांतून पूर्णपणे वेगळा काढणे अवघड असते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो मला रास्त वाटतो. तरीही ‘कामावर भरपूर चालणे होते’ या समजुतीवर विसंबून राहू नये.

मनाच्या शिणाबद्दल जर्मनीतील मानहाइम विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ झाबीने झोनेन्टाग यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी नेदरलँड्समधील १०० शिक्षकांकडून पाच दिवस रोजनिशी लिहून घेतली. ज्या संध्याकाळी शारीरिक हालचाल, गप्पागोष्टी किंवा निवांतपणा घडला, त्या रात्री झोपताना मन अधिक बरे होते; ज्या संध्याकाळी नोकरीचेच काम घरी चालू राहिले, त्या रात्री ते खालावलेले होते. पुढे २००७ मध्ये शार्लट फ्रिट्झ यांच्यासोबत त्यांनी शीण भरून येण्याचे चार अनुभव मांडले: कामापासून मनाने सुटणे, शिथिल होणे, काही नवे जमल्याचे समाधान, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणे. व्यायामात हे चारही साधू शकतात, परंतु फेरी मारताना सुपरवायझरचे फोन येत असतील तर पहिला आणि चौथा तिथेच संपतो. त्याच संशोधिकेने २०१८ मध्ये आणखी एक विसंगती दाखवली: ज्या दिवशी विसाव्याची गरज सर्वाधिक असते, त्याच दिवशी तो घेतला जाण्याची शक्यता सर्वांत कमी असते. म्हणून ड्युटीहून आल्यावर पलंगावरून उठवत नाही, याचा दोष स्वतःच्या आळसाला देऊ नका.

मला कळकळीने सांगायचे आहे ते तासांबद्दल. तुमचे आठवड्याचे तास ७२ होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी ४८ तासांचा आठवडा ठरवला, तो उगीच नव्हे. इतक्या तासांची झीज सकाळच्या फेरीने भरून निघेल, असे मी तुम्हाला सांगू शकत नाही. ओव्हरटाइम घरखर्चासाठी घ्यावा लागत असेल हे मी जाणतो. तरी त्यातला आठवड्याचा एक दिवस जरी सोडता आला, तर तो आधी सोडा.

व्यायामाचे प्रमाण म्हणून आठवड्याला १५० मिनिटे मध्यम वेगाची हालचाल पुरेशी मानली जाते. तुम्ही सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी कृष्णेच्या घाटाकडे आणि मधल्या दोन दिवशी घराजवळच वीस मिनिटे चाला, फोन घरी ठेवून. झोप मोडून मात्र चालू नका. रात्रपाळी असेल त्या आठवड्यात झोपच पहिली. महिनाभर त्या शिक्षकांप्रमाणे रोज झोपताना दोन ओळी लिहा: आज किती तास काम झाले, आणि मन कसे आहे. दोन आठवडे सलग झोप उडालेली किंवा कशातच रस नाही असे दिसले, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.