इतक्या वर्षांनी फोन करून बोलायचं काय?

मी समुपदेशनाचं काम करते. दर पावसाळ्यात माझ्याकडे एकच काळजी घेऊन काही माणसं येतात. येताना सांगतात ते वेगळंच असतं. झोप लागत नाही, चिडचिड होते, बायकोने पाठवलं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मूळ दुखणं बाहेर पडतं: ‘मॅडम, शाळेच्या ग्रुपचं काय करू?’

पावसाळ्यातच का, तर आपल्या गोव्यात दहावीच्या बॅचचे स्नेहमेळावे बहुतेक डिसेंबरात होतात. आखाती देशांतली, लंडनची, मुंबई-पुण्याची मंडळी तेव्हा घरी येतात. त्यांना रजा आणि तिकिटं आधी काढायची असतात, म्हणून तारखेची चर्चा जून-जुलैतच पेटते. कोण येणार, हॉटेल कळंगुटला की मिरामारला, टी-शर्टचा रंग कोणता. दिवसाला शंभर मेसेज. आणि त्या गलबल्यात कुणीतरी एक जण फोन पालथा घालून गप्प बसलेला असतो.

मग माझ्यासमोर बसून कुणी म्हणतं, मला कधी कुणी फोनच करत नाही. कुणी म्हणतं, मीच कुणाला करत नाही, मी माणूसघाणी झाले का? कुणी म्हणतं, आई गेली तेव्हासुद्धा मी कुणाला कळवलं नाही, आता कुठल्या तोंडाने बोलू? मला या तिन्ही माणसांत एक गोष्ट सारखी दिसते. मधल्या सगळ्या वर्षांचा हिशेब द्यावा लागेल, असं धरून ती मित्राच्या दारात उभी असतात. आणि हिशेब जुळत नाही म्हणून कडी वाजवत नाहीत.

हे मला नीट कळलं ते एका गृहस्थांमुळे. त्यांची परवानगी घेतली आहे. गाव आणि काही खुणा बदलल्या आहेत, बोलणं तेच ठेवलं आहे.

वय 51, गाव उत्तर गोव्याच्या खाणपट्ट्यातलं. दहावी 1988 ची. गोवा घटकराज्य झालं 30 मे 1987 रोजी, म्हणजे त्यानंतर दहावीला बसलेली ही पहिली बॅच. ग्रुपवर या गोष्टीचा मोठा अभिमान. यांनी पुढे शिक्षण सोडलं आणि खनिज वाहतुकीत उतरले. चांगल्या दिवसांत कर्ज काढून दोन ट्रक घेतले होते. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. मधे थोड्या हलल्या, तर फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 भाडेकरारांचं नूतनीकरण रद्द केलं आणि पुन्हा सगळं थांबलं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत त्या काळात घराघरांसमोर ट्रक कसे उभे होते, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. यांचे दोन्ही ट्रक गेले. आता ते एका शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणारी बस, चालवतात.

पहिल्या भेटीत मी विचारलं, ‘ग्रुपवर तुम्ही शेवटचं काय लिहिलं होतं?’

‘कायच नाही. 2016 ला घेतलं मला. कुणाचा वाढदिवस असला की केकचं चित्र टाकतो.’

‘आणि मेळाव्याला?’

‘गेलो तर पहिला प्रश्न कोणता येणार सांगा तुम्ही. सध्या काय करतोस? एक डॉक्टर, एक मस्कतला, दोघी हेडमिस्ट्रेस. आणि मी.’

वर्गणी माणशी 3500 होती. आधी मी तीच गोष्ट बाजूला काढली. पैशाची अडचण ही पैशाची अडचण असते, तिला मनाचा दोष म्हणू नये. आयोजकांपैकी एकाला एकट्याला सांगता येतं, की मी जेवायला नाही, दुपारी तासभर येऊन जाईन. त्यांनी मान हलवली. पण वर्गणी कुणी भरली असती तरी ते गेले नसते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

माझी कामाची वाट मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेवर तो स्वतःशी घालत असलेला ‘च’ जास्त छळतो, असं मी गेली अनेक वर्षं पाहते आहे. यांचा ‘च’ उघड होता: मित्रांसमोर उभं राहायचं तर मी काहीतरी झालेलो असलोच पाहिजे. आम्ही तो उलटसुलट करून पाहिला. ट्रक बंद पडले यात तुमची चूक किती? ड्रायव्हर माणूस मित्र म्हणून कमी पडतो का? तुमचा एखादा मित्र बालरथ चालवत असता तर तुम्ही त्याला टाळलं असतं का? प्रत्येक उत्तर बरोबर यायचं. चौथ्या भेटीच्या शेवटी ते म्हणाले, ‘पटतं मॅडम. पण गळ्याखाली उतरत नाही.’

त्या संध्याकाळी मी माझी टिपणं पुन्हा वाचली. चार भेटी, आणि प्रत्येक पानावर एकच कर्ता. ते काय विचारतील. ते काय म्हणतील. ते कसे बघतील. सगळे प्रश्न त्यांच्याकडून, उत्तर द्यायला हे एकटे उभे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असल्यासारखे. आणि मीही त्यांना चारही वेळा उत्तरांचीच तयारी करून दिली होती.

पाचव्या भेटीत मी एवढंच विचारलं, ‘तुम्ही त्यांना काय विचाराल?’

ते गप्प झाले. बाहेर फोंड्याचा पाऊस कोसळत होता. माझ्या कामात गप्प राहणं हेही काम असतं आणि ते मला जमतं, म्हणून मी थांबले. बऱ्याच वेळाने त्यांचा उजवा हात गुडघ्यावर हलायला लागला. बोटं आपटत होती, मग तळवा. मला आधी वाटलं अस्वस्थ झाले. पण तो ठेका होता.

‘मस्कतवाल्याला विचारीन,’ ते म्हणाले. ‘चवथीला आम्ही वाड्यावर आरत्यांना बसायचो. मी घुमटावर, तो शामेळावर. शेवटच्या आरतीला तो ठेका असा काय तरी फिरवायचा की म्हातारेसुद्धा उठून उभे राहायचे. तो कसा फिरवायचा, ते माझ्या अजून लक्षात येत नाही. पोरांना शिकवायला जातो आणि तिथे अडतो.’

घुमट म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं वाद्य, शामेळ हे त्याच्या जोडीला काठ्यांनी वाजवायचं. पाच भेटींत पहिल्यांदा ते त्या मित्राबद्दल बोलत होते, मित्राच्या नजरेतल्या स्वतःबद्दल नव्हे. लाजेचं असंच असतं. ती माणसाचे डोळे आतल्या बाजूला फिरवून ठेवते आणि मग समोरचा मित्र दिसतच नाही, परीक्षक दिसतो. खऱ्या कुतूहलाचा एक प्रश्न डोळे पुन्हा बाहेर वळवतो. चार भेटींचा वाद जे करू शकला नाही ते या एका प्रश्नाने झालं, आणि तेव्हापासून तो मी प्रत्येकाला विचारते.

फोन त्यांनी पुढच्या आठवड्यात केला. मुलांना शाळेत सोडून, बालरथ कंपाउंडच्या बाहेर लावून, टपावर पाऊस वाजत असताना. मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणून नऊ वाजेपर्यंत थांबले. पलीकडून परका, सावध आवाज आला. यांनी नाव सांगितलं आणि श्वास न घेता विचारलं, ‘शेवटच्या आरतीला तू शामेळ कसा फिरवायचास रे?’

तिकडे क्षणभर काहीच नाही. मग, ‘खंय आशिल्लो रे तूं इतलीं वर्सां?’

यांच्या पोटात गोळा आला. इतकी वर्षं कुठे होतास, हाच तो हिशेब मागणारा प्रश्न. पण उत्तराची वाट न पाहता तो माणूस तोंडाने ठेका धरून मोकळा झाला होता. मग म्हणाला, तोंडाने नाही कळायचं, थांब. रात्री व्हॉइस मेसेज आला. तो मी ऐकला आहे. टेबलावर दोन चमचे वाजतात, मधेच कुकरची शिट्टी होते, एक बाई काहीतरी विचारते, आणि तो ठेका न चुकवता तिला म्हणतो, ‘राव गो!’, थांब गं. पुढच्या मेसेजात त्याचा प्रश्न: घुमटाला आता कातडं कसलं लावता? यांनी कळवलं, बोकडाचं, घोरपडीला आता कायद्याने हात लावता येत नाही. आणि घुमट 2019 पासून राज्याचं वारसा वाद्य झालं आहे, हेही कळवलं. त्यावर तिकडून आलेला पुढचा मेसेज तब्बल सात मिनिटांचा होता.

या अनुभवानंतर वर्षभराने, 2024 मध्ये, लारा अक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या दोन मानसशास्त्रज्ञांचं संशोधन वाचनात आलं. ज्या जुन्या मित्राशी पुन्हा बोलायला आवडेल असा एक मित्र त्यांनी लोकांना निवडायला सांगितला. त्याचा नंबर किंवा पत्ता हाताशी होता, त्यालाही आनंद होईल असं वाटत होतं, मेसेज लिहायला वेळही दिला होता. तरी पाठवला तो एक तृतीयांशापेक्षा कमी लोकांनी. संपर्क तुटलेला जुना मित्र माणसाला जवळजवळ अनोळखी वाटायला लागतो आणि अनोळखी माणसाशी बोलायला आपण बिचकतो, असं त्यांना दिसलं. आधी चालू मैत्रीतल्या दोघातिघांना मेसेज करून हात मोकळा केला, की जुन्याला पाठवणाऱ्यांचं प्रमाण बरंच वाढलं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, तुम्ही बिचकता यात तुमचा स्वभाव वाईट आहे असं काही नाही. सकाळी मेहुण्याला, शेजारच्या काकींना एकेक ओळ पाठवा, आणि त्याच बैठकीत वर्गमित्राला.

आणि ग्रुपवर नको, एकट्याला पाठवा. 43 जणांसमोर बोलणं म्हणजे स्टेजवर जाणं, मैत्री नेहमी एकाशी सुरू होते. ‘काय चाललंय, कसा आहेस’ असंही लिहू नका. त्याला ‘मजेत’ हे उत्तर ठरलेलं आहे आणि तिथेच विषय संपतो. ज्याचं उत्तर फक्त त्याच्याकडेच आहे असं काहीतरी विचारा. त्या सहलीला बस कुठे बंद पडली होती? तुझी आई डब्यात जे तोंडाक (कडधान्याचं कालवण) द्यायची ते कसं करायची? जत्रेच्या नाटकात तू ऐनवेळी कुणाची भूमिका केलीस? ‘इतके दिवस फोन केला नाही, माफ कर’ हे पहिल्या वाक्यात तर अजिबात आणू नका. तुम्ही माफी मागितलीत की समोरच्याला माफ करण्याचं काम लागतं, आणि त्यानेही तुम्हाला फोन केलेला नसतो.

जमलं तर बोला. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांना 2021 च्या अभ्यासात असं आढळलं, की जुन्या ओळखीच्या माणसाशी आवाजाने बोलणं अवघड जाईल असं लोकांना वाटतं, पण ते तसं जात नाही आणि लिहिण्यापेक्षा जवळीक जास्त वाटते. एक चमचा टेबलावर वाजलेला ऐकला की ते पटतं.

उत्तर आलं नाही तर? दोन आठवड्यांनी एकदा पुन्हा, मग सोडून द्या. त्याच्या घरी काय चाललं आहे ते आपल्याला माहीत नसतं. सगळ्यांशी संबंध टिकवण्याचा हट्टही नको. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मते माणसाला साधारण 150 नाती सांभाळता येतात आणि त्यातली अगदी जिवाभावाची पाचेक असतात. वर्गातल्या सगळ्यांची तिथे सोय होणार नाही. म्हापशाच्या एक बाई रोज रात्री सत्तर ‘गुड नाइट’ना उत्तरं देऊन थकल्या होत्या. त्यांना मी दोन नावं निवडायला सांगितली आणि बाकीचा ग्रुप म्यूट करायला लावला. त्या दोघींबरोबर त्या आता महिन्यातून एकदा जेवतात.

आणि एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. ज्यांना शाळेत छळलं गेलं, रंगावरून, जातीवरून, बोबडेपणावरून, त्यांनी केवळ ‘जुने दिवस’ म्हणून त्या लोकांत परत जाण्याची काहीही गरज नाही. ग्रुप सोडावा. विचारलं तर कारणही देऊ नये. अशा माणसाला ‘झालं गेलं विसर’ म्हणणारे नातेवाईक मी माझ्या खोलीत बोलवून समजावले आहेत.

त्या गृहस्थांकडे परत येते. डिसेंबरच्या मेळाव्याला ते त्या वर्षी गेले नाहीत, आणि मीही आग्रह केला नाही. चवथीत मात्र शेवटच्या आरतीला मुलांनी ठेका बरोबर फिरवला आणि त्याचा व्हिडिओ मस्कतला गेला. ज्या प्रश्नाची भीती होती तो त्यानंतर आला. मित्राने सहज विचारलं, गाड्यांचं काय झालं?

‘विकल्या. आता बालरथ चालवतो.’

‘कुठल्या शाळेचा?’

‘आपल्याच.’

हे मला शेवटच्या भेटीत कळलं. इतक्या भेटींत ते ‘एका शाळेचा’ म्हणत आले होते आणि मी कधी पुढे विचारलं नव्हतं.

मित्राचा मेसेज ताबडतोब आला होता. त्यांनी मला तो वाचून दाखवला. नळाकडची पायरी अजून तुटकीच आहे का, म्हणून विचारत होता. दुसऱ्या दिवशी मुलं उतरल्यावर यांनी छत्री काखेत धरून पायरीचा फोटो काढला आणि पाठवला.