पहिला पाऊस चुकवू नकोस

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

राज्याच्या पुरातत्त्व विभागातल्या नेमणुकीचं पत्र हाती पडल्याचं तू कळवलंस, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. सुरुवात कशापासून करू, असं विचारलं आहेस. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचे कायदे वाचायचेच आहेत, केंद्राचा १९५८चा आणि आपल्या राज्याचा १९६०चा. पण जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस लागेल त्या दिवशी ऑफिसात बसू नकोस. छत्री, बॅटरी आणि वही घे आणि तुझ्याकडच्या एखाद्या स्मारकात जाऊन दोन तास उभी राहा.

आपल्याकडे पाहणीचे दौरे थंडीत होतात. तेव्हा भिंती कोरड्या असतात आणि कोरडी भिंत फारसं बोलत नाही. पावसात सगळं समोर येतं. छतावरची पन्हळ पारव्यांच्या पिसांनी तुंबली आहे, म्हणून पाणी उलटं फिरून गाभाऱ्याच्या कोपऱ्यात उतरतंय. कुणीतरी भक्तिभावानं अंगणात फरशी घातली आणि तिचा उतार जोत्याकडे ठेवला. शिखराच्या सांध्यात पिंपळ रुजलाय आणि त्याच्या मुळावरून धार आत चाललीय. (तो पिंपळ ओढून काढू देऊ नकोस. मुळांबरोबर दगड निघून येतात. खोड छाटून मूळ आतल्या आत मारावं लागतं आणि त्याला वेळ द्यावा लागतो.) हे सगळं कागदावर रेखाटून ठेव. त्या वहीतून जे अंदाजपत्रक निघेल ते बहुधा लहान असेल. पन्हळ मोकळी करणं, छताचा उतार सुधारणं, जोत्याभोवती चर काढणं. अशा कामाचं उद्घाटन कुणी करत नाही, तरीही तेच आधी कर.

हे मी शहाणा होतो म्हणून सांगत नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका यादवकालीन देवळाचं काम माझ्याकडे आलं. चुना न लावता दगडावर दगड बसवलेलं देऊळ. सांध्यांतून पाणी झिरपताना दिसलं, म्हणून मी बाहेरून सगळे सांधे सिमेंटनं भरून घेतले. दोन पावसाळे भिंत सुरेख दिसली. पाणी मात्र शिखरावरून आत शिरतच होतं. मी त्याच्या बाहेर पडायच्या वाटा तेवढ्या बुजवल्या होत्या. भिंतीच्या दोन घडीव थरांमधली दगडमातीची भर भिजत गेली आणि कामानंतर पाचव्या वर्षी मागच्या भिंतीला पोट आलं. गावातल्या एका म्हाताऱ्या पाथरवटानं ती बघितली आणि मला विचारलं, ‘‘साहेब, पाणी वर अडवायचं सोडून भिंतीत का अडवलंत?’’ ते सिमेंट हातछन्नीनं काढायला दोन उन्हाळे लागले. काढताना आठशे वर्षं टिकलेल्या कडा तुटल्या. त्या कडा मला आजही दिसतात.

कोकणात बदली झाली तर जांभ्याच्या भिंतींजवळ थांबून बघ. समुद्राच्या खारट ओलीला जांभ्यातून बाहेर पडायचं असतं. सांधा सिमेंटचा असला की ती सगळी दगडातूनच निघते, मीठ दगडातच साठतं आणि दगड भुगा होऊन झडतो. काही वर्षांनी सिमेंटची जाळी तेवढी उभी दिसते आणि तिच्या आतला चिरा खोल गेलेला असतो. सांधा दगडापेक्षा मऊ हवा. झिजायचंच असेल तर सांध्यानं झिजावं, तो पुन्हा भरता येतो.

म्हणून चुना शीक, आणि तो हातानं शीक. कळीचा चुना विझवून निदान महिनाभर मुरवायचा, दगडी चाकाच्या घाण्यात मळायचा, थर पातळ द्यायचे, वर ओलं गोणपाट ठेवायचं. चुन्यात मिसळायच्या गूळ, हिरडा, बेलफळ यांची नावं तुला सगळेच सांगतील. पण आधी त्या भिंतीतला जुना चुना तपासून घे, तिथे काय होतं ते बघ, मग ठरव. चुना हवेतला कर्बवायू घेत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. आणि आपल्याकडे निधी मार्चअखेर खर्ची पडावा लागतो! दसऱ्यानंतर हाती घ्यायचं काम फेब्रुवारीत सुरू होतं, एप्रिलच्या उन्हात चुना भाजून निघतो आणि जुलैत वाहून जातो. यावर एकच उपाय मला सापडला. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, नमुने हे सगळं पावसाळ्यातच उरकून घ्यायचं. निविदेत चुना मुरवण्याचे दिवस स्पष्ट लिहायचे आणि याआधी चुन्यात काम केलेला गवंडी असल्याशिवाय काम मिळणार नाही अशी अट घालायची. भांडावं लागलं तर या अटीसाठी भांड.

अजिंठ्याला जाशील तेव्हा चित्रांवरचा पिवळसर थरही बघ. १९२०च्या सुमारास निजाम सरकारनं लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाला बोलावलं होतं. तेव्हाच्या उत्तम समजुतीप्रमाणे चित्रं वाचवायला लाखेचं रोगण दिलं गेलं. पुढे ते काळवंडलं, आणि ते उतरवण्यात नंतरच्या पिढ्यांचे रसायनतज्ज्ञ खपले. त्या माणसाच्या हेतूत खोट नव्हती. तुझ्याही नसेल. म्हणून जे लावशील ते उद्या कुणाला काढता येईल का, हे आधी विचार, आणि काय लावलं, कुठे, कोणत्या प्रमाणात, ते लिहून ठेव. मोजमाप पुस्तिकेत फक्त घनमीटर राहतात.

जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे त्यातले राज्य संरक्षित. आनंद मलाही झाला. पण आता तटबंदी नव्यासारखी दिसावी म्हणून लोक मागे लागतील. पडलेल्या बुरुजाचा पुरावा असेल तेवढाच बांध. पुरावा संपला की थांब.

गावकऱ्यांशी वागताना नोटीस शेवटी काढ. देवळाच्या खांबांना ऑइल पेंट देणारी माणसं देवावरच्या मायेनं देतात. त्यांना वर्गणी गोळा करण्याआधी गाठायला हवं, म्हणजे जत्रेच्या दोन महिने आधी जायला हवं. शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत राहणारी माणसं तुझ्याकडे येतील. नवं बांधकाम त्यांना बंद आहे, पण दुरुस्तीसाठी परवानगी मागता येते, हे पुष्कळांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. अर्ज कुठे करायचा, सोबत काय जोडायचं, हे त्यांना बसवून सांग. पावसाळ्यात ज्याचं घर गळतंय त्याला वारशाचं महत्त्व ऐकवू नकोस.

आणि तडा दिसला की लगेच भरू नकोस. आधी त्यावर आडवी काचपट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरनं घट्ट बसव, शेजारी तारीख लिही आणि एक पूर्ण वर्ष बघ. काच फुटली तर भिंत अजून हलतेय.

मी सांगितलं ते देऊळ आता तुझ्याच विभागात येतं. ठिकाण फोनवर सांगेन. पहिल्या पावसात तिथे गेलीस तर मागच्या भिंतीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर बघ. निवृत्त होण्याच्या आदल्या आठवड्यात मी तिथे एक काचपट्टी बसवली होती. ती शाबूत आहे का, तेवढं मला कळव.

तुझा,
काका