क्ष-किरणांत दिसलेला क्युपिड व्हर्मीरने स्वतः झाकला नव्हता, हे कशावरून ठरलं?

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारले आहेत. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहालयातल्या, डच चित्रकार व्हर्मीरच्या, खिडकीशी पत्र वाचणाऱ्या मुलीच्या चित्रात भिंतीच्या रंगाखाली क्युपिड, म्हणजे प्रेमाचा देव, आहे हे १९७९ मध्ये कळलं होतं, मग तो उघडा व्हायला २०२१ का उजाडलं? चित्रकाराने स्वतःच मन बदलून तो झाकला असता, तर आपण तो उघडा करणारे कोण? आणि अजिंठ्यात असं काही करता येईल का? रंगद्रव्यांची रासायनिक तपासणी हे माझं रोजचं काम आहे. ड्रेस्डेनच्या कामाशी माझा थेट संबंध नाही, पण त्यावर प्रसिद्ध झालेलं जे हाती लागलं ते मी बारकाईने वाचलं आहे, कारण आमच्या क्षेत्रात असा निकाल क्वचितच इतका स्वच्छ लागतो.

आधी थेट उत्तर देते. क्युपिड आहे, हे क्ष-किरणांनी सांगितलं. तो कधी झाकला, हे सांगितलं दोन रंगांच्या मध्ये अडकलेल्या मळाने.

चित्र साधारण १६५७ ते १६५९ मधलं. १७४२ मध्ये ते सॅक्सनीच्या राजसंग्रहात आलं ते रेम्ब्रांटचं म्हणून, आणि व्हर्मीरच्या नावावर लागायला एकोणिसावं शतक उजाडलं. या सगळ्या काळात मुलीच्या मागची भिंत कोरीच होती. कित्येक पिढ्यांनी त्या कोऱ्या भिंतीचं कौतुक केलं, तिच्यात व्हर्मीरचा संयम पाहिला. खरं सांगायचं तर मलाही ती भिंत आवडायची.

क्ष-किरण चित्रातून आरपार जातात, पण शिशासारख्या जड मूलद्रव्याला अडतात. त्या काळचा पांढरा रंग म्हणजे शिशाचा सफेदा. त्यामुळे जिथे सफेदा जाड लागलाय तिथे फिल्मवर उजळ आकार उमटतो, मग तो आकार वरच्या थरात असो की खालच्या. क्युपिडचं अंग सफेदा मिसळून रंगवलेलं, म्हणून तो स्पष्ट दिसला. अडचण अशी की क्ष-किरणांच्या फिल्मवर सगळे थर एकाच पातळीवर येऊन बसतात. खालचं कोणतं, वरचं कोणतं, हे अंदाजाने लावावं लागतं. आणि मधे किती काळ गेला याचा तर काहीच पत्ता लागत नाही.

मग १९७९ नंतर सर्वांनी जे गृहीत धरलं ते अगदी वाजवी होतं. चित्रकार काम करता करता विचार बदलतात. हात थोडा सरकवतात, मागचा माणूस काढून टाकतात. व्हर्मीरही असे बदल करायचा. तेव्हा क्युपिडही त्यानेच झाकला असणार, असं मानलं गेलं. आणि कलाकाराचा निर्णय असेल तर त्याला हात लावायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. म्हणून अडतीस वर्षं कोणी काही केलं नाही, आणि हातात होता तेवढ्या पुराव्यावर ते बरोबरच होतं.

२०१७ मध्ये काम सुरू झालं ते वेगळ्याच कारणासाठी. चित्रावरचं जुनं व्हार्निश पिवळं पडलं होतं, ते उतरवायचं होतं. व्हार्निश काढताना द्रावक अतिशय सौम्यपणे, कापसाच्या लहान बोळ्याने, इंचाइंचाने वापरतात. तेव्हा भिंतीच्या त्या भागातला रंग द्रावकाला इतर भागांसारखा प्रतिसाद देत नाही, असं लक्षात आलं. आमच्यासाठी ही धोक्याची घंटा असते. जवसाच्या तेलातला रंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट जाळं बनवतं, आणि ते जाळं वर्षानुवर्षं पक्कं होत जातं. एकाच हाताने, एकाच काळात लावलेल्या रंगाचे दोन भाग इतके वेगळे वागले, तर कारण शोधावंच लागतं.

मग नमुने घेतले गेले. नमुना म्हटलं की लोकांना चित्राचा तुकडा कापल्यासारखं वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. हा कण पूर्णविरामाच्या टिंबापेक्षा लहान असतो. तो शक्यतो आधीच पडलेल्या भेगेच्या कडेवरून, सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक पात्याने उचलतात. मग पारदर्शक रेझिनमध्ये बसवून त्याची एक बाजू घासून आरशासारखी गुळगुळीत करतात. आता सूक्ष्मदर्शकात चित्राचा उभा छेद दिसतो: तळाशी अस्तर, त्यावर चित्रकाराचे रंग, आणि रंगात मिसळलेले रंगद्रव्याचे कण सुटे सुटे ओळखू येतात. अतिनील प्रकाश टाकला की जुनं नैसर्गिक व्हार्निश हिरवट-पांढरं चमकतं, साध्या प्रकाशात ते जवळपास दिसतही नाही. मी पहिल्यांदा असा छेद पाहिला तेव्हा बराच वेळ डोळा काढवला नव्हता. आजही काढवत नाही.

ड्रेस्डेनच्या छेदात क्युपिडच्या रंगावर व्हार्निशसारखा बंधक द्रव्याचा (रंगाचे कण धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा) थर होता, आणि त्याच्यावर मळाचा थर. भिंतीचा रंग या दोन्हींच्या वर होता. म्हणजे क्युपिडवाली भिंत आधी पूर्ण झाली, तिच्यावर व्हार्निश लागलं, चित्र कुणाच्या तरी घरात टांगलं गेलं, त्यावर धूर आणि धूळ बसली, आणि मग कुणीतरी भिंत रंगवून टाकली. मन बदललेला चित्रकार ओल्या किंवा ताज्या रंगावर काम करतो. मळ बसेपर्यंत थांबत नाही. मधे काही दशकं गेली असावीत असा निष्कर्ष निघाला. व्हर्मीर डिसेंबर १६७५ मध्ये वारला. हिशेब जुळला: झाकणारा हात त्याचा नव्हता.

याच सुमारास क्ष-किरण प्रतिदीप्तीने चित्राचं टिंबाटिंबाने स्कॅनिंगही झालं. या पद्धतीत प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठराविक ऊर्जेचे किरण परत फेकतं, त्यामुळे शिशाचा वेगळा नकाशा, लोहाचा वेगळा, पाऱ्याचा वेगळा असे नकाशे मिळतात. पारा दिसला की बहुधा लाल हिंगूळ. तांबं दिसलं तर मात्र थांबावं लागतं, कारण ते निळ्या अ‍ॅझुराइटचंही असू शकतं आणि हिरव्या जंगालाचंही. तिथे रामन वर्णपटासारखी, संयुग ओळखणारी दुसरी पद्धत लागते. आणि नीळ किंवा वनस्पतींपासून केलेले पिवळे रंग या पद्धतीला दिसतच नाहीत, कारण त्यांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशी हलकी मूलद्रव्यं. यंत्र आणलं आणि उत्तर मिळालं, असं कधीच होत नाही. प्रत्येक यंत्राला काय दिसत नाही, हे माहीत असणं निम्मं काम आहे.

२०१८ च्या सुरुवातीला तज्ज्ञांच्या समितीशी चर्चा होऊन वरचा रंग काढायचं ठरलं. तोही द्रावकाने नाही. द्रावक वापरला असता तर खालचं जुनं व्हार्निशही विरघळायचा धोका होता. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्याने, कणाकणाने. या कामाला वर्षं लागली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये चित्र पुन्हा लोकांसमोर आलं. आता भिंतीवर मोठा क्युपिड आहे आणि त्याच्या पायाखाली मुखवटे आहेत, म्हणजे खोटेपणा तुडवणारं प्रेम. मुलीच्या हातातलं पत्र कसलं, हे व्हर्मीर सांगून गेला होता आणि आपल्याला ते अडीचशेहून अधिक वर्षं वाचता येत नव्हतं. कोरी भिंत जास्त सुंदर होती असं म्हणणाऱ्यांचं दुःख मी समजू शकते, पण ते सौंदर्य दुसऱ्या कुणाचं होतं. निर्णय योग्यच झाला, असं माझं ठाम मत आहे.

याच्या उलटं उदाहरण त्याच चित्रकाराचं आहे. मोत्याचा डूल घातलेली मुलगी, द हेगच्या मॉरित्सहाउसमधली. तिच्या मागचा काळोख मुळात काळोख नव्हताच. २०१८ मध्ये झालेल्या तपासणीत तिथे हिरवा पडदा असल्याचं दिसलं. नीळ आणि एक वनस्पतिजन्य पिवळा मिसळून तो पातळ हिरवा थर दिलेला होता. उजेडाने ती रंगद्रव्यं फिकी पडली, बदलली, आणि पडदा गेला. इथे वरून कोणी काही लावलेलं नाही, त्यामुळे काढण्यासारखंही काही नाही. रेणूच मोडलेले आहेत. तो पडदा संगणकावर रंगवून दाखवता येतो, चित्रावर नाही. दडलेलं आणि गेलेलं यात हा फरक आहे, आणि तो ठरवायला रसायनशास्त्रच लागतं.

आता अजिंठा. तिथे क्ष-किरण आरपार घालवायचा प्रश्नच नाही, मागे अख्खा डोंगर आहे. चित्रं कातळावरच्या मातीच्या गिलाव्यावर, त्यावर पातळ पांढरा थर देऊन कोरड्यात रंगवलेली. रंग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरी माती आणि अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द, म्हणजे एका दगडापासून केलेला निळा. इथे उपयोगी पडतात त्या म्हणजे इन्फ्रारेड प्रतिमा, हातात धरता येणारी प्रतिदीप्तीची यंत्रं आणि अतिनील प्रकाश.

आणि इथेही वरून लावलेलं काहीतरी आहेच. एकोणिसाव्या शतकात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन प्रतिकृती केल्या, तेव्हा चित्रं नीट दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश लावलं गेलं. पुढे १९२० च्या सुमारास निजामाच्या हैदराबाद संस्थानाने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. सुटणारे पोपडे त्यांनी बसवले, ते काम मोलाचं होतं. पण वर लाखेचा हातही दिला. सुताराकडचं लाखेचं पॉलिश आपल्याला माहीत आहे. ताजं असताना ते स्पिरिटमध्ये सहज सुटतं. जुनं झालं की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात, रंग तांबूस होतो आणि द्रावकाला ते दाद देईनासं होतं. त्याखालचा निळा मग काळपट हिरवा वाटू लागतो.

अतिनील प्रकाशात लाख नारिंगी चमकते, त्यामुळे ती कुठे आहे हे शोधणं त्या मानाने सोपं. ती उतरवणं अवघड, कारण खालचा रंग तेलात बांधलेला नाही. त्याचं बंधक द्रव्य पाण्यालाही विरघळू शकतं, आणि गिलावा ओला झाला तर ढलपाच सुटायचा. पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेने गेल्या काही दशकांत बरेच भाग साफ केले आहेत, आणि कुठे कुठे काजळीखालून ओळखू न येणारे प्रसंग दिसू लागले आहेत. पण एका भिंतीवर चाललेलं द्रावक शेजारच्या भिंतीवर चालेलच असं नाही. लाखेचा थर किती जाड, खाली रंग किती घट्ट, गिलाव्यात ओल किती, हे दर वितीला बदलतं. म्हणून तिथे एकेका लहान चौकोनावर चाचणी घेऊन, तिचा परिणाम काही काळ पाहून मगच पुढचा चौकोन हाती घ्यावा लागतो.