रॉकगीतांचा अर्थ कसा लावावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही काही मित्र महाविद्यालयात गिटार वाजवतो. ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ या गाण्यात भर उन्हात पडणारा पाऊस म्हणजे व्हिएतनामवर पडलेले बॉम्ब होत, असे एक मित्र खात्रीने सांगतो. मला मात्र ते शब्द ऐकले की श्रावण आठवतो आणि बरे वाटते. मी चुकीचा अर्थ लावतो आहे का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : श्रावणात भाट्याच्या किनाऱ्यावर उन्हातच सर येते आणि वाळू पुरती भिजण्यापूर्वी निघूनही जाते. कोकणात वाढलेल्या माणसाला त्यात सुखच दिसते, कारण तोवर आषाढाचा जोर ओसरलेला असतो आणि भाताची लावणीही आटोपलेली असते. हे गाणे लिहिणारे जॉन फोगर्टी मात्र उत्तर कॅलिफोर्नियात वाढले. तेथील उन्हाळा कोरडा जातो आणि पाऊस येतो तो हिवाळ्यात, त्यामुळे लख्ख उन्हातला पाऊस म्हणजे काहीतरी बिनसल्याची खूण, असे तेथल्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. परक्या प्रदेशातील गाणे ऐकताना त्यातले ऊन, पाऊस आणि थंडी कोणाची आहे हे आधी विचारावे, असे मला फार वाटते, आणि बहुतेक जण नेमका तोच प्रश्न वगळून थेट गूढार्थाकडे वळतात.

हे गाणे १९७१ च्या जानेवारीत स्वतंत्र तबकडी म्हणून आले. ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ हा फोगर्टींचा बँड तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होता आणि आतून मात्र फुटत चालला होता. त्यांचे थोरले बंधू टॉम त्याच वर्षी बँड सोडून गेले. सगळे मनासारखे घडत असताना आपण सुखी का नाही, ही व्यथा त्या उन्हातल्या पावसात आहे, असे फोगर्टींनी स्वतःच सांगितले आहे. तुमच्या मित्राचे म्हणणेही अगदी निराधार नाही. याच बँडचे १९६९ चे ‘फॉर्च्युनेट सन’ हे बड्यांची मुले सैन्यभरतीतून सुटतात यावरचा उघड संताप आहे, आणि १९७० च्या ‘हूल स्टॉप द रेन’मधला पाऊस त्या काळच्या अनेकांनी युद्धाशीच जोडला होता. ही दोन्ही गाणी कानात असलेल्या श्रोत्याला पुढच्या पावसातही युद्ध ऐकू आले, तर त्याला दोष देता येत नाही. तरीही या गाण्याचे शब्द तपासले तर वादळापूर्वीची शांतता आहे, थंड पडलेला सूर्य आहे, पण विमान, शस्त्र किंवा सैनिक कोठेच नाही. जो अर्थ गाण्याच्या शब्दांवर उभा राहत नाही, तो शक्यता म्हणून मनात ठेवावा. निर्णय म्हणून सांगू नये.

तुमच्या श्रावणाविषयी म्हणाल, तर पुढे कार्यक्रमांत हे गाणे गाताना फोगर्टी त्यातल्या दुःखाऐवजी आपल्या लहान मुलीची आठवण सांगू लागले. लिहिणाऱ्याच्याच मनात गाणे असे उजळले असेल, तर तुम्हाला आनंद होण्यात काहीच गैर नाही. फक्त तो आनंद आपण कोकणातून नेला आहे, हे लक्षात असू द्यावे. उलट दिशेचे उदाहरण हवे असल्यास ‘बीटल्स’ या इंग्लिश बँडचे जॉर्ज हॅरिसन यांचे ‘हिअर कम्स द सन’ ऐकावे. इंग्लंडचा लांबलेला हिवाळा संपत असताना, १९६९ च्या वसंतात, बँडच्या कंपनीच्या कंटाळवाण्या बैठकांना बुट्टी मारून त्यांनी ते मित्र एरिक क्लॅप्टन यांच्या बागेत रचले. एप्रिलच्या उन्हात घामाघूम होणाऱ्या आपल्याला सूर्य येण्याचे एवढे अप्रूप का, हे पटकन कळत नाही; मात्र जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसले नाही की ते गाणे लावून पाहा.

प्रश्न : धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या स्वागतसमारंभात ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हे प्रेमगीत वाजवावे, असे भाऊ म्हणतो. आपले मत काय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : वाजवू नये. १९८३ चे हे गाणे ‘द पोलीस’ या बँडचे गायक स्टिंग यांनी पहिला संसार मोडत असताना लिहिले. त्यातला माणूस सोडून गेलेल्या स्त्रीच्या प्रत्येक पावलावर नजर ठेवण्याची भाषा करतो. लोक ते लग्नात लावतात याचे खुद्द स्टिंग यांनाही आश्चर्य वाटत आले आहे. चाल इतकी गोड आहे की शब्दांकडे लक्ष जात नाही, पण नव्या संसाराच्या दारात पाळतीची भाषा नको.

प्रश्न : माझा नातू घरी सतत ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ वाजवतो. ते सैतानपूजेचे गाणे आहे, असे शेजारच्या एकाने सांगितल्यापासून घरात अस्वस्थता आहे. खरे काय?
— निवृत्त शिक्षक, मालवण

उत्तर : ‘ईगल्स’ या बँडचे हे गाणे १९७६ च्या डिसेंबरमधल्या अल्बमातले आहे. सैतानपूजेची अफवा तेव्हापासून फिरते आहे आणि गाणे रचणाऱ्यांनी ती नाकारली आहे. गीतकारांपैकी एक, डॉन हेन्ली, यांच्या सांगण्यानुसार हा निरागसतेकडून अनुभवाकडे झालेला प्रवास आहे. त्यात लॉस एंजेलिसच्या श्रीमंती जीवनाचा मोह आहे आणि त्या मोहाने घातलेले बंधनही आहे.

अशा अफवा आपल्याकडे लगेच रुजण्याचे एक कारण आपण शिक्षक असल्याने आपल्याला सहज पटेल. आपल्याला भारुडाची सवय आहे. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो आणि तो विंचू म्हणजे काम-क्रोध, हे नाथ स्वतःच सांगतात. प्रत्येक चित्राची किल्ली तेथे हातात दिलेली असते. रॉकगीतात ती बहुधा दिलेली नसते, म्हणून श्रोता आपली किल्ली बनवतो आणि या गाण्यातल्या मेजवानीत सुऱ्यांनी न मरणारा पशू दिसला की त्याला सैतान ठरवून टाकतो. प्रत्यक्षात त्या पशूवर चालणाऱ्या पोलादी सुऱ्या ही ‘स्टीली डॅन’ (‘स्टीली’ म्हणजे पोलादी) या समकालीन बँडला केलेली मैत्रीची खूण होती, कारण त्या बँडने त्याच वर्षी आपल्या एका गाण्यात ‘ईगल्स’चा उल्लेख केला होता. एकाच ओळीत मोहाची भीती आणि मित्राची थट्टा शेजारी नांदू शकतात, आणि हे ज्याला मान्य नाही त्याला या गाण्यांत भलतेच काही दिसत राहते.

शेवटच्या कडव्यात पाहुण्याला सांगितले जाते की हिशेब चुकता करून खोली केव्हाही सोडता येईल, पण तेथून निघून जाता येणार नाही. व्यसन, पैसा, प्रसिद्धी यांपैकी कशाविषयीही हे खरे ठरते आणि गाण्याने कोणत्याही एकाचे नाव घेतलेले नाही, हेच मला त्याचे बळ वाटते. नातवाला वाजवू द्यावे. एखाद्या संध्याकाळी हे कडवे त्याच्याकडून सावकाश म्हणून घ्यावे आणि तो पाहुणा का अडकला असेल, हे आपण सांगण्याआधी त्यालाच विचारावे.