ॲनिमेशन हार्ड डिस्कवरून सुरळीत चालते, मग डीव्हीडीवर का अडखळते?

आपण लिहिले आहे की, तीन मिनिटांचे रेंडर केलेले (संगणकाने एकेक फ्रेम काढून तयार केलेले) ॲनिमेशन संगणकावर उत्तम चालते, डीव्हीडी-व्हिडिओ म्हणून लिहून प्लेअरमध्ये लावले की मात्र अडखळते, आणि बिटरेट (दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा) कमाल ठेवूनही फरक पडला नाही. माझ्या मते बिटरेट कमाल ठेवणे हेच बहुधा दुखण्याचे मूळ आहे.

तीन मिनिटांपुढे ४.७ जीबीची डिस्क रिकामीच वाटते आणि हात सैल सुटतो. पण इथे अडचण जागेची नसून वेगाची आहे. डीव्हीडी-व्हिडिओमध्ये चित्रासाठी सेकंदाला ९.८ मेगाबिट आणि आवाजासह एकूण १०.०८ मेगाबिट एवढीच मर्यादा आहे. शिवाय घरी लिहिलेली डिस्क कारखान्यात छापलेल्या डिस्कपेक्षा कमी प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे प्लेअरला एखादा भाग पुन्हा वाचावा लागतो आणि तेवढ्यात त्याचा बफर (आधीच वाचून ठेवलेला साठा) रिकामा होतो. म्हणून मी सरासरी ६ आणि कमाल ८ मेगाबिट ठेवून टू-पास एन्कोडिंग करतो (म्हणजे व्हिडिओ आधी एकदा तपासून दुसऱ्या फेरीत बिट वाटून देतो), आणि आवाज कॉम्प्रेस न केलेल्या पीसीएमऐवजी कॉम्प्रेस केलेल्या डॉल्बी डिजिटलमध्ये देतो, कारण स्टिरिओ पीसीएम एकटाच सुमारे दीड मेगाबिट खातो.

सरासरीवर मात्र विसंबू नका. माझ्या एका कामात शीर्षकाची अक्षरे फुटून त्यांचे हजारो कण उडत होते, आणि डिस्क दर वेळी नेमकी तिथेच थबकायची. एकूण सरासरी माफक होती, पण त्या दोन सेकंदांत बिटरेट ९ च्या वर जात होता. कण कमी करण्याआधी मी रेंडरमधील नॉइज काढला, कारण प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा पडणारा बारीक रवा एमपेग-२ ला (डीव्हीडीवरील व्हिडिओ कॉम्प्रेस करण्याच्या पद्धतीला) नवी माहितीच वाटतो आणि त्यावर बिट वाया जातात. तेवढ्याने काम भागले. (रेंडर थेट व्हिडिओत न करता पीएनजी फ्रेममध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेमचे वेगळे चित्र करून, ठेवले, तर असे प्रयोग करताना मूळ रेंडर पुन्हा करावे लागत नाही.)

अडखळणे एकाच जागी नसून सर्वत्र, ठरावीक तालात होत असेल, तर दोष डिस्कचा नाही. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहा. दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा आली, तर सेकंदाला २४ फ्रेमचे रेंडर २५ फ्रेमच्या पाल (टीव्हीची एक पद्धत) डिस्कवर गेले आहे. कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या दृश्यात तडजोड करावी लागते, आपण सरळ २५ वर पुन्हा रेंडर करू शकतो. फक्त की-फ्रेम (हालचालीचे ठरवलेले टप्पे) फ्रेमच्या क्रमांकाला बांधलेल्या असतात, तेव्हा त्या २५/२४ पटीने ताणाव्यात, नाहीतर सारी हालचाल ४ टक्क्यांनी वेगवान होईल. कॅमेरा वेगाने फिरतो तिथे मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) द्यावा. त्याविना प्रत्येक फ्रेम धारदार राहते आणि बिटरेट कितीही असला तरी हालचाल तुटक दिसते.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, तिचा तोल जातो. चाचणी मात्र रीरायटेबल डिस्कवर करावी: तिचे परावर्तन आणखी कमी असते, त्यामुळे आपला सर्वांत गजबजलेला प्रसंग तिच्यावर न थांबता चालला, तर साध्या डिस्कवर तो सहसा अडत नाही.